कॉडखालचा स्वेटर

...नाही, पण तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं? स्वेटर सासऱ्यांचा. विणलेला सासूबाईंनी. सासरे गेले तेव्हा सासूबाईंनी, बोर्गहिल्डबाईंनी, तो माझ्या हातात ठेवला, "जपा हो जावईबापू, एवढंच राहिलंय त्यांचं!" जपला. कपाटात इतका जपला, इतका जपला, की कसर लागली! कोपराला भोक, गळ्याशी भोक... आणि ईस्टरला सासूबाई राहायला येणार!

म्हटलं, डांबरगोळ्या आणतो. आमची बायको, गुनवोर, कडाडली, "मला दमा आहे, ओड्वार! त्या वासानं कसर आधी मरेल की मी, ते ठरव!" बरं बाई. लव्हेंडरच्या पुरचुंड्या ठेवल्या. तर कसर त्यातून अशी भिरभिरतेय, जशी काही बागेत हवा खायला आलीय! यात माझं काय चुकलं?

मग गुनवोर म्हणते, "तिला घामट, मळका कपडा आवडतो. धू, वाळव, पिशवीत बांध, पंधरवडाभर फ्रीझरमध्ये टाक. अंडीसुद्धा मरतात." धुतला. घाईत वाळवला, जरा ओलसरच राहिला. भोकं तिनं रफू केली. आता आमच्या लोफोटेन बेटांवरचा फ्रीझर म्हणजे काय, तळापासून वरपर्यंत कॉड मासे! कोंबला कॉडखाली. एका माशाचा टोकदार पर पिशवी फाडून आत घुसला, तो मला कसा दिसणार?

आणि सासूबाई आल्या दोन दिवस आधी! आल्या त्या सूपसाठी मासा काढायला थेट फ्रीझरपाशी...

"हे काय? माझ्या माणसाला मासळीत पुरलंत?"

"कसर लागली होती, सासूबाई, म्हणून..."

"आणि धुतलात?"

"हो... स्वच्छ."

त्या खुर्चीत बसल्या. हळूच म्हणाल्या, "त्यांचा वास होता हो त्याला."

गुनवोर छताकडे बघायला लागली. मी जमिनीकडे. आता बोला, यात माझं काय... जाऊ दे.

"घाला," सासूबाई म्हणाल्या.

"आत्ता? गोठलाय तो!"

"घाला!"

घातला. कडकड वाजला. दोन्ही हात ताठ बाजूला, बुजगावणंच! सासूबाई उठल्या, जवळ आल्या, माझ्या छातीला नाक लावून लांब श्वास घेतला... आणि डोळे भरून आले हो त्यांचे.

"ते मासेमारीच्या बोटीवरून घरी यायचे ना, तेव्हा अस्साच वास यायचा. अगदी अस्सा."

तेव्हापासून स्वेटरचा मुक्काम कॉडखालीच. दर रविवारी सासूबाई जेवायला येतात, आणि मी तो घालून त्यांच्या शेजारी बसतो. कसर? फिरकत नाही. कुणीच फिरकत नाही.