माणसं चाळीस, मेंढरं एकशेवीस

(सिडकोतल्या एका ट्रेनिंग सेंटरची खोली, भर दुपार. कॉम्प्युटरसमोर टँकरच्या मागण्या भरायच्या कामासाठी परीक्षा देणारा मल्हारी. शेजारी ती परीक्षा तयार करणारी ज्ञानेश्वरी.)

ज्ञानेश्वरी : थांबा, थांबा. एंटर दाबू नका. दोनदा चुकलंय, मल्हारीभाऊ. तिसऱ्यांदा चुकलं की उत्तराचा हा चौकोन बंदच होतो. मग नापास.

मल्हारी : बंद कोन करतंय, म्याडम?

ज्ञानेश्वरी : आपोआप होतो. म्हणजे... तशी सेटिंग मीच केलीय. तीन संधी, एकच उत्तर.

मल्हारी : मंग होऊ द्या. तिसऱ्या बारीला बी मी चौदाशेच लिव्हणार.

ज्ञानेश्वरी : अहो, उत्तर आठशे आहे. प्रश्न परत वाचा बरं.

मल्हारी : "वस्तीत माणसं चाळीस, मेंढरं एकशेवीस. वस्तीसाठी रोज किती लिटर पाण्याची मागणी नोंदवाल?" वाचलं.

ज्ञानेश्वरी : माणशी वीस लिटर. चाळीस गुणिले वीस.

मल्हारी : आठशे. तेवढं येतंय, बारावी झालोय मी. अन् मेंढरं?

ज्ञानेश्वरी : मेंढरं मोजायची नाहीत.

मल्हारी : मंग लिव्हली कशाला?

ज्ञानेश्वरी : खऱ्या फॉर्मवर तो रकाना आहे म्हणून. सरावाला हुबेहूब तसाच स्क्रीन दाखवावा लागतो.

मल्हारी : आमच्यात वस्तीला पाणी किती म्हनलं की मेंढरं धरूनच सांगत्यात. वायलं कोन सांगत नाय. उन्हाळ्याचं एका मेंढराला पाच लिटर धरा. सहाशे. आठशे अन् सहाशे, चौदाशे. चुकलं कुठं ते दावा.

ज्ञानेश्वरी : हिशोब नाही चुकला. मला वरून उत्तरांचं शीट आलं, त्यात आठशे होतं, मी तेच भरलं. पण सकाळपासून नोंदी बघतेय. तुमच्याकडच्या वस्त्यांवरचे सहा जण याच चौकोनात अडकले. कुणी तेराशे लिहिलं, कुणी पंधराशे. आवडाबाई म्हणून एक होत्या, त्या तर डोळे पुसतच गेल्या. मला वाटलं, यांना गुणाकारच येत नाही. लाज वाटतेय आता.

मल्हारी : लाज कशाची त्यात. तुमचं गाव कोनचं?

ज्ञानेश्वरी : दौलताबादच्या अलीकडं. शेती आहे आमची.

मल्हारी : मंग रानात मेंढरं बसवली असतील की.

ज्ञानेश्वरी : आजोबा दरसाल बसवायचे, खतासाठी. पाणी आमच्याच विहिरीचं असायचं.

मल्हारी : मंग तुमाला ठावं हाय, ताई.

ज्ञानेश्वरी : थांबा, साहेबांना फोन लावते, स्पीकरवर. दुसरं उत्तर मान्य करायचं तर एक ओळ वाढवायची फक्त... हॅलो, रामेश्वर सर? तो टँकरचा प्रश्न. चौदाशे पण बरोबर धरू का?

रामेश्वर : क्यों भई? शीटमध्ये आठशे आहे ना?

ज्ञानेश्वरी : पण सर, फक्त माणसांचं पाणी विचारलंय असं प्रश्नात कुठं आहे?

रामेश्वर : मग पुढच्या बॅचला तेवढं टाक. "फक्त माणसांसाठी". किस्सा खतम.

ज्ञानेश्वरी : आणि मेंढरं?

रामेश्वर : ज्ञानेश्वरी, पाणी किती द्यायचं ते आपण ठरवत नाही. आपण स्क्रीन बनवतो. चल, ठेवतो, मीटिंग आहे.

मल्हारी : ऐकलं मी.

ज्ञानेश्वरी : आठशे लिहा, भाऊ. हे काम तुम्हालाच मिळायला हवं.

मल्हारी : मलाच पायजे की. आता आमची मागणी खालच्या गावचा अप्पाराव भरतो. वस्तीवर कधी पाय ठिवला नाय त्यानं. चाळीसची पंचवीस माणसं लावतो. पैलं मेंढरं पाणवठ्यावर जायची. शहर आलं, तिथं प्लॉट पडले, भवतीनं कंपाउंड झालं. आता हाय ते टँकरचंच. माझी आई, म्हाळसाबाई, तिच्या घागरीतलं आधी गाभण मेंढरांना पाजती, मंग आमाला. तुमी माणसांचं म्हनून धाडलं तरी मेंढरं पेनारच. आठशातनं त्यांचं सहाशे काढा. माणशी किती उरलं, बघा.

ज्ञानेश्वरी : पाच लिटर.

मल्हारी : व्हय.

ज्ञानेश्वरी : तुम्ही नापास झालात तर अप्पाराव पंचवीसच लावत राहील. त्याच्या जागी तुम्ही बसलात तर निदान माणसं तरी चाळीस धरली जातील.

मल्हारी : त्ये खरं हाय. सरका जरा. आठ... शून्य... शून्य. दाबू?

ज्ञानेश्वरी : दाबा.

मल्हारी : हिरवं झालं. "शाब्बास! अगदी बरोबर उत्तर." ह्ये कोन लिव्हलं?

ज्ञानेश्वरी : मीच.

मल्हारी : पास झालो न्हवं मी?

ज्ञानेश्वरी : झालात.

मल्हारी : मंग तेवढं शाब्बास काढून टाका, ताई.