हसऱ्या तोंडाचं बटण

विश्वास कोणावर ठेवायचा, सांगा बरं — पायावर की दुकानदारावर? पायावरच ठेवा. मी म्हणेन बूट झकास बसलाय, पण अंगठा कुरकुरतोय ना? मग काढा. दुसरा आणतो — नाही, उठू नका, माझा मुलगा कोपऱ्यावर चहाला गेलाय, तो येईपर्यंतच मला साध्या आवाजात बोलता येतं. चेहरा ओळखीचा वाटतोय? वाटणारच! फोनवर मुलाच्या व्हिडिओत बूट डोक्यावर ठेवून नाचतो, तोच मी. शाळा चौथीपर्यंत, इंग्रजी शिकलो ते बुटांच्या खोक्यांवरून — आणि मुलानं मला मास्तर केलं. रोज अवखळपणाचा एक इंग्रजी शब्द, आणि तो करून दाखवायचा. पहिला ‘फ्रिस्की’. म्हणजे काय? दावं सुटलेलं वासरू. उधळलो. मग ‘हॉर्सिंग अराउंड’ — खिंकाळलो, गुडघा गेला. ‘मंकी बिझनेस’ — जन्मभर धंदा केला, माकडाचाही असतो हे कोणी बोललं नव्हतं! ‘फुल ऑफ बीन्स’ — अंगात घेवडा भरलाय म्हणे. दाणे उधळले, अजून मोज्यांत सापडतात. — हसलात ना? सगळे हसतात. वासरू, घोडा, माकड... साठीचा बूटवाला त्यात कुठेच नाही हो.

आम्ही राहतो वरच. लग्न झालं तेव्हा मी खरंच वांड होतो — जिन्याच्या कठड्यावरून घसरत खाली यायचो, बायको म्हणायची, “द्वाड कुठले!” एवढंच, पण तेवढं ऐकायला मी पुन्हा वर जायचो. आता? दिवसभर उड्या मारून वर जातो तेव्हा तोंडातून शब्द फुटत नाही. ती ताट वाढते, समोर बसते आणि फोनवर माझाच नाच बघते. परवा म्हणाली, “अहो, हा माणूस खाली राहतो, मग वर जेवायला येतं ते कोण?” आज सकाळी तिनं बॅग भरली. बहिणीकडे निघालीय, संध्याकाळच्या बसनं. कधी येणार विचारलं, तर म्हणते, “तो खालचा थांबला की.”

मुलाला सांगितलं, बाबा रे, पुरे. पोरगा वाईट नाही — म्हणतो, “लोकच ठरवतील.” दाराशी डबा बघा, दोन बटणं — एक हसरं तोंड, एक मख्ख. जाताना गिऱ्हाईक एक दाबतं. आजच्या दिवसात मख्ख जास्त झाली तर सगळं बंद, शब्द दिलाय त्यानं. पण लोक भले, हीच पंचाईत! सकाळी एक मुख्याध्यापिका आल्या, माझं माकड बघून जांभई दिली — मी स्वतः पाहिली — तरी जाता जाता दाबलं हसरंच! वर म्हणतात, “काका, तुमचं मन कशाला मोडू?” मोडा की! कोणीतरी मोडा! उद्याचा ‘बाउन्सी’ ठरलाय, चेंडू आणून ठेवलेत.

— आला बघा. आवाज बदलतो, दचकू नका. हॅलो, हॅलो, माय फ्रेंड! — हा बसला ना पायात? बसला. मग निघा आता, तो शूटिंगसाठी फोन उभा करतोय तोवरच. आणि हे बघा... दाराशी माझ्या मनाचा विचार करू नका. मघाशी हसलात — ते खरं असेल तर तेही धरा, मी नाही म्हणणार नाही. पण हिशेब खरा ठेवा. तेवढा खरा ठेवा.