बाहेर पडल्याची वेळ

मी, नाव व पत्ता सोबतच्या कागदावर दिल्याप्रमाणे, वय ५३ वर्षे, धंदा नोंदवह्या व फॉर्म छापण्याचा छापखाना, पोलीस चौकीत समक्ष हजर राहून विचारल्यावरून जबाब देतो की, मी पत्नी व मेहुण्यासह राहतो. सुट्टीच्या दिवशी कच्च्या रस्त्यांवर सायकल चालवण्याचा मला छंद आहे. पत्नी त्यास दुसरा शब्द वापरते.

माझी तक्रार अशी की, परवा रविवारी सकाळी सात वाजता डोंगरातल्या राष्ट्रीय उद्यानाच्या खालच्या फाटकावर माझी नोंद ‘पादचारी’ अशी करण्यात आली. मी पादचारी नव्हतो. माझ्याजवळ खास खडीच्या रस्त्यासाठी घेतलेली जाड टायरची सायकल होती व मी तिच्यावर बसलेलो होतो. त्रेपन्नाव्या वर्षी डोंगर सायकलने चढायचा आणि कागदोपत्री मात्र चालत जायचे, हा अन्याय आहे. अंमलदारांचे म्हणणे, याचा प्रकरणाशी संबंध नाही. संबंध आहे, म्हणून लिहून घ्यावे अशी मी विनंती केली.

फाटकावरील वनरक्षकाने सांगितले की वहीत येणाऱ्यांसाठी दोनच रकाने आहेत, वाहन आणि पादचारी, आणि वाहनाला नंबर लागतो. मी म्हणालो की रकाने आखणाऱ्याला अक्कल नाही. त्याने ते नम्रपणे मान्य केले. वही मिटताना पुठ्ठ्याच्या आत आमच्याच छापखान्याचा शिक्का दिसला. मी हवेचा पंप काढला.

त्यानंतर त्याने मला नियम सांगितला. त्याचे शब्द असे: “साहेब, या फाटकातून आत गेलात की याच फाटकातून बाहेर. सही नसली की माणूस आत आहे असं मी धरतो.” हे त्याने तीन वेळा सांगितले. मी तिन्ही वेळा मान हलवली. त्या वेळी मी मागच्या चाकात हवा भरत होतो.

चढ बावीस किलोमीटरचा असून खडी सुटी आहे. दोन ठिकाणी मी उतरून सायकल ढकलली, म्हणजे तेवढ्यापुरता पादचारी होतो. थांबत थांबत खिंडीत पोचायला अडीच वाजले. मागे फिरायचे तर तीच खडी, आणि पलीकडे उतार गुळगुळीत दिसत होता. वरच्या फाटकावर कोणी नसते, आडवा बांबू असतो. मी त्याखालून वाकून बाहेर पडलो व टेम्पोने सहा वाजता घरी आलो.

अंघोळ करून मी ‘पादचारी’चा किस्सा घरात दोनदा सांगितला. मेहुणा म्हणाला, “भाऊजी, चालत गेलो होतो असंच सांगा. इतकं दमलात ते शोभेल तरी.” सगळे हसले. तेव्हा सात वाजून दहा मिनिटे झाली होती.

वहीत मी छापखान्याचा फोन दिला होता. रविवारी तो कोणी उचलत नाही. सहा वाजून पाच मिनिटांनी त्यावर दोनदा फोन आल्याचे सोमवारी दिसले. वनरक्षकाने फाटकाला कुलूप लावण्यापूर्वी सह्या मोजल्या, एक कमी भरली, म्हणून तो बॅटरी घेऊन स्वतःच्या सायकलवर आत गेला. त्या सायकलीला एकच ब्रेक आहे. दुसऱ्या वळणावर तो खडीवरून घसरला. सकाळी रस्त्यावरच्या मजुरांना सापडेपर्यंत तो तिथेच होता. उजवा पाय गुडघ्याखाली मोडला आहे.

त्याच्या वरिष्ठांनी लिहिले आहे की तो परवानगीशिवाय, खाजगी कामासाठी फाटक सोडून गेला, सबब त्यास कामावरून कमी करावे. तो कशासाठी गेला, असे मला विचारण्यात आले. तो माझ्यासाठी गेला. मी वरच्या फाटकाने बाहेर जाणार असल्याचे त्याला सांगून ठेवले होते, असे म्हणावे का, हे मी काल मेहुण्याला विचारले. तो अर्धा चहा ठेवून उठला. मी तसे सांगितले नव्हते. चूक माझी आहे.

आज सकाळी मी त्यास इस्पितळात भेटलो. हेल्मेटशिवाय त्याने मला ओळखले नाही. कोण ते सांगितल्यावर तो म्हणाला, “सापडलात? बरं झालं.” मग म्हणाला, “पण साहेब, तुमची सही राहिलीय.”

नोंदीबाबतची तक्रार मी मागे घेत आहे.

हा मजकूर मला वाचून दाखवला. ‘अक्कल नाही’ हे शब्द अंमलदारांनी सौजन्याने गाळले होते, ते मी परत घालून घेतले. आता तो माझ्या सांगण्याबरहुकूम आहे.

फाटकावरची वही पुराव्यासाठी टेबलावर ठेवलेली होती. अंमलदारांची परवानगी घेऊन मी रविवारच्या माझ्या ओळीत, ‘बाहेर पडल्याची वेळ’ या शेवटच्या रिकाम्या रकान्यात, आजची तारीख व अकरा वाजून वीस मिनिटे ही वेळ घालून सही केली. ‘पादचारी’ तसेच राहू दिले.