सावळडोहची टाकी

—नाई जवाई, असं नाई चालत. पेनड्राइव्ह ठेवून लगेच बायकोले हाक मारता कायले? बसा. माही बहीण कुठं पळून नाई चालली, मागच्या खोलीतच हाय ज्योत्स्ना, प्रिंटरपाशी — पडली असन जरा. हळू बोला, मधात नुसतं प्लाय हाय. आधी तुमची टाकी पाहू. अरे वा! उंच, गोल, पांढरीशिप्पट. कुठची हो? ... नका सांगू. ठेकेदारानं फोटो काढला, तुमी आणला, म्या उघडला — मले काय करा लागते! हिच्यावर 'ग्रामपंचायत सावळडोह' लिहून पायजे, एवढंच ना? अन् सावळडोहात टाकी कुठं हाय हो? चार खड्डे हायेत, त्यात बकऱ्या बसते. तुमी पाणी समितीचे अध्यक्ष — तुमाले माहीत नसन तं कोणाले!

आता पाहा, हे काम इथं राजापेठेत कोणताही फोटोवाला करून देईन — पण कसं? नाव टाइप केलं, टाकीवर चिकटवलं, झालं. भिंतीवर लिहिल्यावानी सरळ. ठेकेदाराचं बिल पास करणाऱ्या साहेबानं एक डाव पायलं का पकडलंच. टाकी गोल हाय ना बाप्पा! अन् आपण उभे खाली. खालून पायलं का गोलावरची ओळ मधात वर चढते अन् दोन्ही कडेले खाली वाकते — बांगडी डोळ्याच्या वर धरून पाहा, तशी. त्यासाठी हे वार्प, अक्षरं वाकवाचं. पाहा, नावावर जाळी आली. हा कोपरा धरला, खाली ओढला. हा दुसरा. मधातून जरा वर. अन् कडेचे अक्षरं, इकडचा 'ग्रा', तिकडचा 'ह', थोडे दाबले — कारण तथी टाकी वळून राहिली, आपल्यापासून दूर चालली. रंग जरासा विरळ करा लागते, चुन्याचे डाग अक्षरातून दिसले पायजे. सावलीच्या बाजूले काळपट. झालं! आता सांगा, गावाच्या पेंटरनं झुल्यावर बसून लिहिलं का नाई?

बेलमांडळी गावाचीही टाकी अशीच केलती म्या. तुमच्याच ठेकेदाराची. अशी बसली, कोणी बोट ठेवू शकलं नाई. ... मंग? मंग काय होते! टाकी झाली म्हटल्यावर टँकर कोण पाठवते? बंद झाला टँकर. लोकं गेले परत हापशीवर. अन् आपल्या खारपाणपट्ट्यातली हापशी तुमाले माहीतच हाय — डाळ शिजत नाई त्या पाण्यात, वावराले देलं तं वावर पांढरं पडते, मंग माणूस काय टिकन? ... मले कसं माहीत म्हणता? अजी, तेच लोकं येतेत ना आता इथं! फोटो मोठा करा म्हणते, मागं निळं टाका, हार घाला, फ्रेम करून द्या. फोटो तरी कुठं राह्यते त्याइच्यापाशी — लग्नातल्या गर्दीतून तोंड कापून घ्या लागते. कौशल्याबाई सुनेचा घेऊन आलती. कालपरवा लग्न झालेली पोरगी. म्या फ्रेम पुसून देली, पण कौशल्याबाईच्या तोंडाकडं नाई पाहवलं. आता बेलमांडळीचं कोणी दुकानात शिरलं का म्या कॉम्प्युटरमधून तोंडच वर काढत नाई.

तसे नका पाहू. म्या नाई म्हणून नाई राहिलो, टाकी केलीच हाय, समोर दिसते. पण माहं ऐका. ज्योत्स्ना आली तवा पाय कसे होते तिचे? जोडवे कापून काढा लागले. तोंड असं सुजलं होतं का मायनंही ओळखलं नसतं. डॉक्टर म्हणे किडनी, खारं पाणी आता एक घोट नाई. इथं नळाच्या पाण्यावर कशीबशी उभी राहिली पोरगी, अन् तुमी तिले घ्याले आले — याच फोटोसंगं! आपल्याच गावचा टँकर बंद करता अन् बायकोले तथीच नेता? ठेकेदारानं मुकादम करतो म्हटलं, म्हणून? ... बरं, जाऊ द्या. सिधं बोलतो. फोटो तुमचा, बहीण माही. ती आता सावळडोहात येत नाई. गावाचं गाव पाहीन, म्या काई अख्ख्या गावाचा भाऊ नाई. ... हाव ना? मान हलवली ना? झालं मंग. हा घ्या, देला प्रिंट. ज्योत्स्ना! ज्योत्स्ना व, मशीनमधून फोटो निघाला असन, आण बरं इकडं.

—ये. जवाईले दे तो. ... दे ना. चप्पल काहून घातली? अन् ही पिशवी? सारं ऐकलं का तुनं तिकडून? ... कोणाले दाखवतं? बचत गटाच्या बायाइले? माय, टँकरच्या रांगेतच उभ्या असतीन त्या आता, तथी हा फोटो काढशीन तं काय होईन, समजते का तुले? ... तुह्यासाठीच केलं व म्या! तथी जाऊन पाणी कोणतं पिशीन? ... कॅन घेतली. कॅन किती पुरते, बाई? ज्योत्स्ना, माह्याकडं पाहा तरी! जवाई, अडवा ना तिले!

... बसली ऑटोत.

कुठं चालले? तिच्या मागं? नका जाऊ. अकोल्याची गाडी धरा, ठेकेदाराच्या घरी जाऊन बसा, कुठंही जा, पण आज सावळडोहात पाय ठेवू नका. जिवाचं सांगून राहिलो. हा तुमचा पेनड्राइव्ह घ्या. अन् उठा आता — मले शटर ओढू द्या.