नवसाची मेणबत्ती

डॉक्टरांकडून म्हातारा नुन्त्सिओ बाहेर आला. काखेत झांपोन्या, म्हणजे बकऱ्याच्या कातड्याची पिशवी फुगवून वाजवायचं त्याचं वाद्य. बायको असुन्ता बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारीच बसली होती.

“काय निघालं छातीत?”

“काही नाही. फुप्फुसं ठणठणीत आहेत.”

“मग नाच रंगात आला की दम का लागतो तुला?”

“डॉक्टरांनी वाजवायला लावलं. कातड्याला भोक आहे म्हणे, सगळी हवा तिथूनच जाते.”

“अरे देवा! आणि मी महिनाभर रडतेय! सान रोक्कोला मेणबत्तीसुद्धा बोललेय!”

“आणलीस?”

“ही काय, टोपलीत.”

“दे इकडे. भोक बुजवायला मेण हवंच होतं.”

“देवाची आहे ती!”

“माझ्या छातीसाठीच बोललीस ना? मग गळकी छाती ही बघ.”

“अर्धीच घे. उरलेली त्याच्यापुढं लावल्याशिवाय मी रविवारी नाचायची नाही.”