खर्जातला शेजार

माझ्या दाराची नुसती बेल वाजली तरी मी दचकते. त्यात जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगमधला रविवार, म्हणजे रूहेत्साइट. दिवसभर शांतता, भिंतीत खिळासुद्धा ठोकायचा नाही. पण मी जुन्या बाजारातून रिदम अँड ब्लूजची रेकॉर्ड आणली होती. चौघं मिळून गातात, एकाचा आवाज तर थेट तळघरातून येतो. राहवेना, म्हणून हळूच लावली.

लगेच शेजारच्या फ्राउ क्रूगर आजींनी भिंतीवर ठोकलं, ठक ठक! मी घाबरून बंद केली. असे तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी त्या थेट दारात उभ्या. मला वाटलं, गेली भाड्याची खोली! आता दुसरी कुठे मिळणार?

"सॉरी, पुन्हा नाही लावणार!"

"तेच सांगायला आलेय," त्या कडाडल्या. "भिंतीतून तो एकच खर्जातला आवाज येतो. त्यावर मी ठेका धरते न धरते, तोच तू गाणं बंद करतेस!"

आता दर रविवारी त्या माझ्याकडेच येऊन बसतात. हल्ली वरच्या मजल्यावरचे गृहस्थ ठोकतात. मी दचकले की आजी म्हणतात, "लक्ष देऊ नकोस गं, त्याला तालाचं अंगच नाही."