चोविसावा गुरुवार

सासू : सही करीन, पण आधी वाचून दाखवा. चौथीत शाळा सुटली माझी, अक्कल नाही सुटली.

समुपदेशक : दोनच ओळी आहेत, आजी. ‘माझ्या मुलाने चोवीस गुरुवारचा वर्ग पूर्ण केला. घरात पत्नीला होणारी मारहाण थांबली आहे.’

सासू : आजी कुणाला म्हणता? नातवंड नाही मला अजून.

समुपदेशक : बरं, काकू. सही झाली की कागद उद्या कोर्टात जाईल. मग त्यांच्यावरची देखरेख संपली.

सासू : म्हणजे सुनेला तुमचा फोन यायचा तो बंद.

समुपदेशक : हो. मारहाण थांबली आहे ना?

सासू : थांबली. चार महिने झाले, बोट नाही लावलं तिला. खोटं कशाला बोलू?

समुपदेशक : त्याही हेच म्हणाल्या. त्या एकट्या असतानाच फोन करायचा, असा नियम आहे आमचा. सहा वेळा विचारलं.

सासू : काय विचारलंत?

समुपदेशक : ठरलेले प्रश्न. मारलं का, धमकावलं का, पैसे अडवले का.

सासू : आणि त्याला वर्गात काय शिकवलंत?

समुपदेशक : राग चढायला लागला की ओळखायचा. वाद थांबवायचा, ‘मी बाहेर जातो’ म्हणून खोलीतून निघायचं, तासाभरानं शांत होऊन परत यायचं. तुमच्या मुलाला लगेच जमलं. बाकीच्यांना मी त्यांचंच उदाहरण देते.

सासू : द्याच. तंतोतंत पाळतो तो. आवाज चढवत नाही. ‘मी बाहेर जातो’ म्हणतो, निघतो, आणि बाहेरून कडी लावतो.

समुपदेशक : कडी?

सासू : दाराला. ती आत, हा बाहेर. तासाभरानं काढतो. कधी तास लांबतो. परवा सकाळी लावली, ती संध्याकाळी हा कामावरून आला तेव्हा काढली.

समुपदेशक : तुम्ही कुठे होतात?

सासू : बाजूच्या खोलीत. शिवणाच्या मशीनवर.

समुपदेशक : त्या हाका मारत असतील. ऐकू आलं नाही?

सासू : मशीन चालू असलं की नाही येत. म्हणून चालूच ठेवलं.

समुपदेशक : त्यांनी फोनवर सांगायला हवं होतं.

सासू : मारलं का विचारलंत, ती नाही म्हणाली. खरं बोलणारी पोर आहे. आणि लग्न होऊन आली त्याच दिवशी मी बजावलं होतं, घरातलं घरात ठेवायचं. माझं ऐकलं तिनं. आमच्याकडे सगळेच भारी आज्ञाधारक.

समुपदेशक : आत्ता कुठे आहेत त्या?

सासू : तिच्या बहिणीकडे. सोडून आले, मग इथे आले. तो खाली बाकावर बसलाय, नव्या शर्टात. मीच शिवलाय. ‘आई, तेवढी सही कर,’ म्हणाला.

(पिशवीतून लोखंडी कडी आणि चार स्क्रू काढून टेबलावर ठेवते.)

सासू : सकाळी काढली. तो आंघोळीला गेल्यावर, मशीनच्या स्क्रू-ड्रायव्हरनं. तीन सुटले मुकाट्यानं. चौथा गंजलेला, त्यानं माझं नख घेतलं.

समुपदेशक : मग हा कागद मला पाठवता येणार नाही. नवा अहवाल लिहावा लागेल. कोर्ट तुमच्या मुलाला घराबाहेर राहायला सांगू शकतं. आणि हे तुम्ही सांगितलंत, हे त्यांना कळेल.

सासू : कळू दे. आई आहे मी त्याची, भाडेकरू नाही.

समुपदेशक : विचार करायला वेळ हवा असेल तर...

सासू : वेळच घेत आले आत्तापर्यंत. लिहा तुम्ही. सही कुठे करायची ते बोटानं दाखवा.

समुपदेशक : इथे. आणि एक तारीख लागेल. ही कडी त्यांनी कधी बसवली?

सासू : त्यानं नाही बसवली.

समुपदेशक : मग?

सासू : त्याच्या वडिलांनी. एकतीस वर्षं झाली. तेव्हा ती खोली माझी होती.